तीन मिनिटांपासून तासाभरापर्यंत : शास्त्रीय संगीताच्या नव्या श्रोत्यासाठी

सांगली-मिरजेकडच्या माणसाची एक वेगळीच पंचाईत असते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, सतारी-तंबोरे मिरजेचे, बालगंधर्व नागठाण्याचे, विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले तेही मिरजेतच. एवढं सगळं उशाशी असताना 'मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही' असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? मग माणूस गप्प बसतो. कार्यक्रमाला गेलाच तर शेजाऱ्याकडे बघून मान हलवतो, आणि घरी आल्यावर एखाद्या गाणंवेड्या ओळखीच्याला हळूच विचारतो, 'मी नेमकं काय ऐकू?'

उत्तर म्हणून बहुधा दहा-बारा थोर नावांची यादी मिळते. यादीत चूक काही नसते, पण 'भीमसेन ऐका' म्हणजे काय ऐका? त्यांचं मुद्रित गाणं अफाट आहे. विचारणारा समोर येईल ते उघडतो, तो नेमका तासाभराचा दरबारी राग निघतो, सातव्या मिनिटाला जांभई येते आणि हे आपल्यासाठी नाही असा निकाल लागतो. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो चुकीच्या टोकाकडून आत शिरला.

म्हणून मी कुणाला काही सुचवते तेव्हा आधी लांबी बघते, नाव नंतर. ध्वनिमुद्रणाचं तंत्र जसजसं बदललं तसतशी गाण्याची लांबी वाढत गेली : मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, एलपीच्या (लाँग प्ले तबकडीच्या) एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, आणि मैफलीच्या मुद्रणात तास, सव्वा तास. नव्या कानाने याच क्रमानं चढावं.

आधी ऐकण्याची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. स्पीकर एवढासा असतो की खालचे सूर त्यातून नीट बाहेरच पडत नाहीत. तंबोऱ्याची खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीसे होतात आणि नुसता गळा अधांतरी ऐकू येतो. मग वाटतं, हे काय नुसतं आ-ऊ चाललंय! साधे वायरचे इअरफोन लावले तरी फरक कळतो. बास वाढवणारी सेटिंग बंद ठेवा. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होणंही बंद करा. एका रागाचा परिणाम कानात असताना भलत्याच गायकाचा भलताच राग सुरू झाला तर दोन्ही वाया जातात. आलापाच्या मधोमध साबणाची जाहिरात येण्याचा प्रश्न मोठाच आहे. त्यावर पैसे भरून जाहिराती घालवणं किंवा मुद्रण विकत घेणं हे दोनच खरे उपाय. फुकटात हवं असेल तर आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी २०१६पासून सुरू आहे, ती आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर लागते. पण तिथे आपण निवडायचं नसतं, लागेल ते ऐकायचं असतं. सवय झाल्यावर त्यात मजा आहे, सुरुवातीला नाही.

आणि गाडी चालवताना विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत राग उलगडत नेणारं गाणं, लावू नका. कोल्हापूर रोडवर हॉर्नच्या कल्लोळात तो ऐकूही येत नाही आणि लक्षही जातं.

गाण्याच्या आधी पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐका, अगदी ॲपवरचा इलेक्ट्रॉनिक असला तरी चालेल. मिरजेच्या जवळपास राहत असाल तर त्याहून चांगली सोय आहे. सतारमेकर गल्लीत जा, एखाद्या दुकानात अदबीनं विचारा आणि जवारी लावलेला व न लावलेला तंबोरा एकापाठोपाठ ऐकवायला सांगा. घोडीवर तार जिथे टेकते तिथे तिच्याखाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की एरवी टणटण वाजणारी तार एकदम गुंजायला लागते, एका सुरातून अनेक सूर उमलल्यासारखे ऐकू येतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की ती गुंज गेली. पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून इथे पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्यं बनत आली आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही गुंज एकदा कानात बसली की गायक सुरात आहे म्हणजे कशात आहे हे व्याख्येशिवाय कळतं. पुढच्या सगळ्या ऐकण्यात हीच मोजपट्टी वापरायची आहे.

पहिली पायरी : तीन मिनिटं

सुरुवात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दोन तबकड्यांनी करा : झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' आणि भैरवीतली 'जमुना के तीर'. दोन्ही ठुमऱ्या आहेत, म्हणजे भावपूर्ण, उपशास्त्रीय रचना, आणि दोन्ही १९३०च्या दशकातल्या. लाखेच्या तबकडीची खरखर पहिल्या अर्ध्या मिनिटात बोचेल, मग कान ती आपोआप बाजूला सारतो. खरखर घालवून, वर घुमारा चढवून 'स्वच्छ' केलेल्या आवृत्त्या मिळतात त्यांच्या नादी लागू नका. खरखरीबरोबर आवाजाची धारही पुसलेली असते. मला तरी खरखर परवडते.

याच 'पिया बिन'चा किस्सा प्रसिद्ध आहे. गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानात ही तबकडी ऐकतो, त्याला तसंच गायचं असतं, आणि गुरू शोधायला तो घर सोडून निघतो. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते ज्यांच्याकडे शिकले ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. तीन मिनिटांच्या तबकडीत एवढं काय होतं, हे शोधायला म्हणून का होईना ती ऐका.

ऐकायचं कसं? एकच तबकडी आठवडाभर, रोज. पहिल्या दिवशी काही शोधू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच बघा, की 'पिया बिन' हे शब्द गायक किती वेळा म्हणतो आणि दर वेळी त्यांना कुठून हात घालतो. शब्द तेच, तबल्याच्या चक्रात परत यायची जागा तीच, पण तिथवर यायची वाट दर वेळी नवी. ख्याल असो, ठुमरी असो की सतार असो, या संगीतातलं निम्मं सुख याच परत येण्यात आहे. तासाभराच्या गाण्यात हे हरवून जातं. तीन मिनिटांत चार दिवसांत हाताला लागतं.

आठवडा झाला की केसरबाई केरकरांची भैरवी घ्या, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची ही तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. यानांवर बसवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत जगभरातलं निवडक संगीत होतं, त्यात भारताकडून हीच एक चीज, म्हणजे रचना. केसरबाई त्याच वर्षी गेल्या. खाँसाहेबांचा आवाज टोकदार आणि हळवा, तर केसरबाईंचा भरीव, एकसंध, श्वास कुठे घेतला ते कळू न देणारा. 'जमुना के तीर' ऐकून लगेच ही ऐका. दोन्हीकडे भैरवीच, पण माणसं किती निराळी!

या जुन्या तबकड्या मोफत सापडतात म्हणून चोरटेपणा वाटून घेऊ नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९३०च्या दशकातल्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. शोधताना रागाच्या नावावर जाऊ नका. इंटरनेटवर लोक रागांची नावं वाटेल तशी चिकटवतात. गायकाचं नाव आणि चिजेचे पहिले तीन-चार शब्द टाका, तीच खरी ओळख. आणखी जुनं काही हाती लागलं, तर शेवटी गाणारीच आपलं नाव सांगताना ऐकू येईल. १९०२ साली गौहर जान तर चक्क इंग्रजीत 'माय नेम इज गौहर जान' म्हणून तबकडी संपवायच्या. मुद्रण परदेशी कारखान्यात जायचं, तिथल्या माणसांना लेबल लावताना गायक ओळखता यावा म्हणून ही युक्ती.

दुसरी पायरी : जे आधीच पाठ आहे ते

ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि मराठी माणसानं तरी गाळू नये. आपल्या कानावर राग लहानपणापासून पडलेले आहेत, फक्त त्यांची नावं कुणी सांगितली नव्हती.

'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' आठवा. १९५३च्या 'गुळाचा गणपती'तलं, गदिमांचे शब्द, पु. लं.चं संगीत आणि भीमसेनांचा आवाज. हा भीमपलास. गाणं एकदा पूर्ण ऐका, पहिली ओळ दोनचार वेळा स्वतः गुणगुणा, आणि लगेच भीमसेनांचाच भीमपलासातला कुठलाही ख्याल लावा. पाचेक मिनिटांत एखादं वळण येईल आणि तुम्ही म्हणाल, अरे, हे तर ओळखीचं! त्या जागेवर थांबा, मागे जा, पुन्हा ऐका. राग ओळखणं म्हणतात ते हेच. आरोह-अवरोह पाठ करण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

असंच यमनासाठी 'नाथ हा माझा'. खाडिलकरांचं 'स्वयंवर' १९१६चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गाणार बालगंधर्व. मालकंसासाठी 'बैजू बावरा'तलं 'मन तडपत हरिदर्शन को आज', आणि ते संपल्यावर भीमसेनांचं 'पग लागन दे'. भूपासाठी लताबाईंचं 'ज्योति कलश छलके'. कुणी जाणकार लगेच म्हणतील, हा भूप नाही, देसकार. सूर तेच पाच, चालणं वेगळं, आणि या वादात दोन तास जाऊ शकतात. आत्ता आपण त्यात पडायचं नाही.

एक सावधगिरी : चित्रपटातलं किंवा नाटकातलं पद रागाशी बांधील नसतं. ते मध्येच दुसऱ्या सुराला शिवून येतं, त्याला मुभा असते. त्यामुळे ख्यालात तेवढ्या सरळ ओळी सापडल्या नाहीत तर गोंधळू नका.

तिसरी पायरी : एलपीची एक बाजू

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. वीस मिनिटांत गायकाला पसरायला जागा असते, पण पाल्हाळ लावायला नसते. म्हणून त्या काळातल्या एलपी घोटीव आहेत. कलावंतांनी घड्याळाकडे बघत, काय ठेवायचं काय गाळायचं हे ठरवून गायलेल्या. मैफलीतलं गाणं याहून मोठं असेलही, पण शिकाऊ कानाला एलपीसारखा गुरू नाही.

पहिली निवड माझ्या मते प्रभा अत्रे यांची एलपी, मारुबिहाग आणि कलावती. 'जागू मैं सारी रैना' ही मारुबिहागातली द्रुत, म्हणजे जलद लयीतली, चीज आणि 'तन मन धन' ही कलावतीतली. आवाज स्वच्छ, सरगम मोकळी, प्रत्येक वाक्य सुटं आणि पुरं. प्रभाताई शिकल्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे. ही दोघं अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, आणि हिराबाईंचा तर जन्मच १९०५चा, मिरजेतला. म्हणजे पहिल्या पायरीवर जो गळा ऐकलात त्याचंच हे पुढच्या पिढीतलं रूप.

दुसरी, किशोरी आमोणकरांचा भूप : 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे'. 'सहेला रे' ऐकून गाण्याकडे वळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भूपात मध्यम-निषाद (म, नी) नाहीत, पाचच सूर, त्यामुळे नव्या कानाला वाट चुकायची भीती कमी.

तिसरी ज्याची त्याने आपल्या स्वभावाने निवडावी. संथ गाण्याचा कंटाळा येत असेल तर मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांच्या घराण्याचं विलंबित तसं चालतं असतं, ताल हाताला लागतो, आणि मन्सूर अण्णा मोजक्या वेळात राग पुरा करून मोकळे होतात. (तेही सुरुवातीला मिरजेतच नीलकंठबुवांकडे शिकले, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम त्यानंतरची.) उलट, शांतपणाच हवा असेल तर अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी. पण ती दोन महिने तरी हातात घेऊ नका. मारव्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, आणि षड्जावर (सा) टेकायला गायक लवकर तयार नसतो. नव्या माणसाला उगीच बेचैन वाटत राहतं. ती बेचैनी हाच मारवा आहे हे कळायला कान थोडा मुरावा लागतो. मग एखाद्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी लावा.

ऐकण्याची एक युक्ती सांगते, ती शुद्धतावाद्यांना आवडणार नाही. आधी द्रुत ऐका. बाजू शेवटच्या सहा-सात मिनिटांवर न्या, द्रुत चीज दोनदा ऐका, हातानं ताल धरा. द्रुत बहुतेक वेळा तीनतालात असतं, सोळा मात्रांचं. एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता उघडायचा. मोजता आलं नाही तर डग्ग्याकडे कान द्या : खालीनंतर तो थोडा गप्प होतो, आणि पुन्हा घुमायला लागला की सम, म्हणजे चक्राची पहिली मात्रा, जवळ आली. चार दिवसांत समेवर मान आपोआप पडेल. त्यानंतर सुरुवातीपासून ऐका. राग ओळखीचा झालेला असतो, पुढे काय येणार ते माहीत असतं, आणि विलंबित आता लांबलेलं वाटत नाही.

विलंबितात मात्रा मोजायच्या भानगडीत पडू नका. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालू शकतं. मोजताना गाणं निसटतं. फक्त मुखडा लक्षात ठेवा, म्हणजे चिजेचे सुरुवातीचे ते चार शब्द. गायक कुठेही भटकत असला तरी मुखडा उचलला की समेला दोन पावलंच उरली, एवढं पुरे.

वाद्यसंगीतानं सुरुवात करावी की कंठसंगीतानं, असं विचारतात. आपल्या भागात नाट्यसंगीत-भजनांनी गळ्याची सवय लावलेली असते, म्हणून मी गळा सुचवते. पण शब्दांची अडचण वाटणारेही असतात. 'ब्रजभाषा कळत नाही' असं म्हणणाऱ्यांना १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' द्यावी : शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. हलकी म्हणून तिला नाकं मुरडतात, मुरडू द्या. तिच्यानंतर मात्र निखिल बॅनर्जींच्या सतारीकडे वळा, तिथेच घुटमळू नका. जुगलबंदीनं सुरुवात मी कुणालाच सांगत नाही. टाळ्या मिळवण्याच्या गडबडीत रागाकडे लक्ष जात नाही.

चौथी पायरी : पूर्ण मैफल

आता तासाभराचं काही घ्या. भीमसेनांचा पूरिया धनाश्री चांगला, कारण शेवटी 'पायलिया झंकार मोरी' वाट बघत असते आणि ती आपण आधी सुटी ऐकून ठेवू शकतो. संध्याकाळचा राग आहे. दिवेलागणीला लावलात तर उत्तम, पण वेळ पाळता येत नाही म्हणून ऐकायचंच थांबवू नका. नोकरदार माणसानं सकाळचे राग रविवारीच ऐकायचे का?

भीमसेनांच्या किराणा घराण्याच्या गाण्यात एक सोय असते. गायक खालच्या सुरांपासून एकेक सूर घेत वर सरकतो, आणि पुष्कळ वेळानं तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, पोहोचतो. तासाभराचं गाणं नुसतं 'ऐकत बसण्या'ऐवजी त्या षड्जाची वाट बघा. तो जवळ येतोय हे त्याच्या आधीच्या निषादावरच्या घोटाळण्यातून कळतं. गायक तिथवर जातो, शिवतो न शिवतो आणि परत फिरतो. शेवटी लागतो तेव्हा मुद्रणातसुद्धा श्रोत्यांची दाद ऐकू येते. एवढं एक सूत्र धरलं तर पहिला अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

मध्ये लक्ष उडालं तर उडू द्या. रोजच ऐकणाऱ्यांचंही उडतं.

मग एकच राग दोघांचा ऐका. इथे वहीची गरज पडते : तारीख, गायक, राग, चिजेचे पहिले शब्द, आणि एक ओळ काय वाटलं त्याची. 'छान' लिहायचं नाही. 'मध्ये एकदा फार खाली गेल्या, तिथे घसा भरून आल्यासारखा' असं काहीतरी. सहा महिन्यांनी हीच वही तुम्हाला तुमची आवड सांगेल, आणि घराण्यांवरचे लेख तेव्हा वाचले तर समजतील. आधी वाचलेत तर नुसता वाद घालता येईल, आणि ते काम करणारे ग्रुपवर आधीच पुष्कळ आहेत.

दुसऱ्याला सुचवताना

काही महिन्यांनी घरातले तुम्हालाच विचारतील. तेव्हा आपली आवडती मैफल त्यांच्यावर लादू नका. ते आत्ता काय ऐकतात ते विचारा. वडील हरिपाठ-भजनातले असतील तर भीमसेनांच्या अभंगांवरून भीमपलासावर या. आत्याला जुनी नाटकं पाठ असतील तर दीनानाथांची 'परवशता पाश दैवे' ऐकवा. मंगेशकरांचं ते बिऱ्हाड एके काळी सांगलीतच होतं, आणि त्या तानांनंतर ख्यालातली तान परकी वाटत नाही. कॉलेजातल्या पोराला तबला आवडत असेल तर द्रुत तराणा, म्हणजे अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांवर चालणारं जलद गाणं. कबीर-निर्गुणाकडे ओढा असलेल्याला कुमार गंधर्वांचं 'उड जायेगा हंस अकेला', आणि त्यानंतर कुमारजींच्याच छोट्या बंदिशी. एका वेळी एकच द्या, आणि आठवडाभर 'ऐकलंस का?' विचारू नका. दहा लिंका एकदम पाठवल्या की त्यातली एकही उघडली जात नाही.

शेवटी प्रत्यक्ष

मुद्रणांनी कान तयार झाला की समोर बसून ऐका. आपल्याकडे यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, आणि तिकीटही लागत नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी अब्दुल करीम खाँसाहेब पाँडिचेरीकडे निघाले असताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर वारले. त्यांची कबर मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. मिरजेच्या अंबाबाई मंदिरात नवरात्रात संगीत महोत्सव असतो. सातारा बाजूच्या लोकांना औंध आहे. तिथला संगीत महोत्सव १९४०पासूनचा, अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला.

जाताना थोडी तयारी करा. कलावंतांची नावं आधी कळली तर प्रत्येकाचं एक मुद्रण आठवडाभर ऐकून जा. तंबोरे जुळवले जात असताना गप्पा मारू नका, तो भाग ऐकण्यासारखा असतो. सतारमेकर गल्लीत ऐकलेली ती गुंज तिथे पुन्हा भेटेल. ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढ्यात बसू नका, थोडं मागे मध्यावर बसा. मोबाइलवर मुद्रण करत बसाल तर ऐकणं राहून जाईल. राग कळला नाही तर चीज संपल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या श्रोत्याला विचारा. दर्ग्यात असा एक तरी भेटतोच, आणि तो राग तर सांगतोच, वर याच जागी याआधी कोण कोण काय गाऊन गेलं तेही सांगतो. उरुसाच्या तारखा दर वर्षी सरकतात, तेव्हा आधी चौकशी करा. रात्रीच्या बैठका लांबतात. सांगलीकडून किंवा तासगावकडून येणार असाल तर परतीच्या गाडीची सोय आधीच बघून ठेवा, नाहीतर नेमकी बैठक रंगात आली की उठावं लागतं.